हौशी गट

तीर्थरूप आईस, इथूनच पाया पडतो.

देवाने तुझं साकडं ऐकलं. रविवारच्या शर्यतीत मी गाडी चालवलीच नाही, तेव्हा हातपाय धड आहेत.

शर्यत जोडीची होती. अर्धा वेळ मालक चालवणार, अर्धा वेळ मी. पण गट हौशी लोकांचा. तपासनीस म्हणाला, "तू गॅरेजात पगार घेतोस ना? मग तू धंदेवाईक. हौशी नव्हेस." मालकाने माझ्या जागी मेहुण्याला बसवलं. मी बांधलेल्या इंजिनावर दोघं पहिले आले. चषक पुसायला मात्र माझ्याकडेच दिलाय.

तुझे गुडघे कसे आहेत?

बाबा ओरडायचे ना, "या गाड्या काय तुला पोटाला घालणार आहेत?" घालतात म्हणावं. म्हणून तर बाद झालो.

तुझा धंदेवाईक,
धाकटा