चिंचेच्या वावरातली माती

मी भिकुबाई, कै. चुडामण पाटील यांची बायको, वय सुमारे बासष्ट, राहणार विखरण, तालुका एरंडोल, जिल्हा पूर्व खानदेश. पाय सुजले आहेत, डोके ठिकाणावर आहे. कोणाच्या धाकाने नव्हे, माझ्या मर्जीने हे मृत्युपत्र सांगून लिहवून घेते.

१. राहते घर मुलगा सुकदेव यास. या घराच्या विटा माझ्या चिंचेच्या वावराच्या आहेत. घर बांधताना कै. मालकांनी तिथली वरची हातभर माती भट्टीला दिली. पुढे सहा वर्षे शेणखत घालूनही तिथे हरभरा पिवळाच राहिला.

२. ते वावर मला माझ्या वडिलांनी विकत घेऊन दिलेले. त्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही. शेतकी खात्याच्या एका साहेबांनी तिथले रोप उपटून दाखवले. मुळाला एकही गाठ नव्हती. ते म्हणाले, "बाई, गाठी धरवणारे जीव वरच्या मातीबरोबर गेले. डोळ्यांना दिसत नाहीत, पण हरभऱ्याला पोसतात तेच. जिथे हरभरा जोमात येतो तिथली माती आणून बियाण्याबरोबर पेरा." शेजारी दीर हिलाल यांचे शेत. एक गाडी माती मागितली, तर बरकत जाईल म्हणून त्यांनी दिली नाही. मग धरणगावला माहेरी गेले आणि ओल्या गोणपाटाखाली झाकून तिथली आणली. दुसऱ्या वर्षी मुळांना गाठी धरल्या. त्यानंतरची ज्वारी माणसाच्या डोक्यावर गेली.

३. हे वावर सून ताईबाई, सुकदेवाची बायको, हिला. या चैत्रात मी अंथरुणावर असताना सुकदेवाने घरावर मजला चढवण्यासाठी पुन्हा भट्टीवाल्याला शब्द दिला. गाड्या बांधावर आल्या, तेव्हा ही एकटी बैलांपुढे उभी राहिली. दिवस मावळेपर्यंत हलली नाही. गाड्या रिकाम्या परतल्या. या वावरातली माती भट्टीला कधीही देऊ नये.

४. हिलाल यांना गरज पडल्यास दोन गाड्या माती द्यावी. मात्र त्यांनी स्वतःच्या तोंडाने मागावी.

५. चांदीचे कडे लेक इंदिराबाई हिला. ते हरवले असे मी सांगितले होते, ते खरे नाही.

हे सर्व वाचून दाखवल्यावर सुकदेव म्हणाला, "वावर तिना नाववर लिख, माय. पन नांगर कोन धरी?"

मी सांगितले, "तूच धर. तिले इचारीसन धर."

हेही लिहून घ्यावे असे मी सांगितले, म्हणून लिहिले आहे.

भिकुबाई चुडामण पाटील, डाव्या अंगठ्याचा ठसा

आमच्यासमोर अंगठा केला:
झुलाल पुना पाटील
कौतिक चिंधा वाणी

मुक्काम विखरण, ता. ९ नोव्हेंबर १९३८