पांढऱ्या बाजूचे चार चिंचोके

अण्णा, आज आमच्या दवाखान्यात एका बाईला तिसरी मुलगी झाली आणि तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. तिच्याजवळ बसले, तेव्हा तुमची फार आठवण झाली.

आम्हा चौघींत मी थोरली, तेव्हा आठ वर्षांची असेन. धाकटी तीन महिन्यांची होती. तुमची बहीण, आमची आत्या, वैरागहून तुमच्यासाठी दुसरं स्थळ घेऊन आली होती. रविवारची दुपार. आत आई भाकरी थापतेय. थापण्याचा आवाज मधेच थांबतो, पुन्हा सुरू होतो. बाहेर आत्या तुम्हांला समजावत होती, की हिच्या पोटी मुलगा नाहीच, चारदा पाहिलं, आता किती वाट बघायची.

तुम्ही वाद घातला नाहीत. चार चिंचोके घेऊन एका बाजूनं पांढरे होईपर्यंत सहाणेवर घासलेत. काळी बाजू मुलगा, पांढरी मुलगी. एकेक चिंचोका पुष्कळदा टाकून दोन्ही बाजू साधारण सारख्याच वेळा वर पडतात, हे आधी तिला दाखवलंत. शाळेत गणित शिकवताना असाच धीर धरत असाल. मग चारही तिच्या हातात दिलेत. एक फेक म्हणजे चार बाळांचं एक घर. पाटीवर रेघा मी मारत होते. दोनशे घरं झाली, त्यांतल्या तेरा घरी चारही पांढरे.

"अक्का, या तेरा घरच्या सुनांचं काय चुकलं?" तुम्ही विचारलंत.

आत्या म्हणाली, "पन पाचवीबी मुलगीच व्हनार की."

त्या तेरा घरांच्या पाचव्या बाळासाठी तुम्ही तिला एकेक चिंचोका आणखी टाकायला लावलात. सात काळे, सहा पांढरे. पाटीवरच्या रेघा बोटानं मोजत ती म्हणाली, "म्हंजे हिच्यात खोट न्हाय."

"कुणातच नाही. मुलगा होईलच, असंही मी म्हणत नाही. पण दुसरं लग्न मी करणार नाही."

आत आवाज केव्हाच थांबला होता. आत्यानं वैरागला जाऊन स्थळ स्वतःच मोडलं. त्याच रविवारी आई धाकटीला मांडीवर घेऊन पोटभर जेवली. बाळंतपणानंतर मी तिला तसं जेवताना पहिल्यांदाच पाहत होते, आणि मलाही एकदम भूक लागली.

पुढं आईला मूल झालंच नाही. तुम्ही कधी खंत केली नाहीत. तुम्ही आता नाही, हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून सांगते: भाऊ झाला नाही, याचं मला तेव्हा बरंच वाटलं होतं.