अर्धं राहिलेलं भाषण

शनिवार, ८ फेब्रुवारी १९९२

प्रिय मनिषा,

'प्रिय' लिहिलंय, कारण पत्राची सुरुवात तशीच करायची असं आपल्याला शिकवलंय. खरं तर मला तुझा भयंकर राग आलाय. दोन घरं सोडून राहतेस, तरी लिहितेय. कारण समोर आलीस तर मी भांडेन, आणि भांडताना माझ्या तोंडून पुन्हा गावची भाषा येईल. तिची तू काय गत करतेस ते गुरुवारी पाहिलं.

म्हशीला पेंढा घालतानासुद्धा मी ते भाषण पुटपुटत होते. 'माझी आवडती व्यक्ती'. सगळे पुढाऱ्यांवर बोलले, मी आयवर बोलायचं ठरवलं. सुरुवात अगदी पुस्तकातल्यासारखी केली. मग मिठागर आलं. आय मिठाची पाटी घेऊन बांधावरून चालली होती, तिला साप चावला, हे सांगताना तोंडातून निघालं, "आय वरडली, मना कायतरी डसलाय, मी आता जगत नाय." ती अशीच ओरडली होती गं! तिथं काय 'मला सर्पदंश झाला आहे' म्हणायचं होतं?

वर्ग हसला. बाई म्हणाल्या, "प्रमिला, घरची भाषा घरी ठेवून येत जा." पनवेलच्या मुली हसल्या त्याचं मला काही नाही, त्यांच्या आया मिठागरात जात नाहीत. पण सगळ्यांत मोठं हसू माझ्याच बाकावरून आलं. मी भाषण तिथंच सोडून खाली बसले. मधल्या सुट्टीत तू नळापाशी अंग वाकडं करून त्या मुलींना "मना डसलाय, मना डसलाय" करून दाखवत होतीस. एकीनं विचारलं, तुमच्या घरी पण असंच बोलतात का? तर म्हणालीस, "छे, आमच्याकडे नाही." मग रोज सकाळी तुमच्या ओट्यावरून "आय, मना उशीर झालाय" असं कोण ओरडतं?

घरी येऊन दप्तर फेकलं, आयला सगळं सांगितलं. वाटलं, तीही चिडेल. ती म्हणाली, "हसूदे. गंगाबायला मातर सांगू नको, तिला वाईट वाटंल." तेव्हा तर माझं डोकंच फिरलं.

काल बाईंना गाठलं. सोमवारी मला उरलेलं भाषण करायचंय. "नीट बोलणार असशील तरच," म्हणाल्या. मी म्हटलं, खरं बोलेन. पुढचं तू ऐकलं नाहीस, आणि घरीही तुला कुणी सांगितलेलं दिसत नाही. साप बघून बाकीच्या बाया पळाल्या. एकच धावत आली. तिला सातवा महिना होता. तिनं पदर फाडून आयचा पाय बांधला, तिला पाठीवर घेऊन बांधावरून रस्ता गाठला आणि येणाऱ्या ट्रकसमोर उभी राहिली. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, ही तुमची कोण? ती म्हणाली, "माजी हाय." ती तुझी आय, मनिषा. पोटात तुमचा निकेश होता. सोमवारी मी भर वर्गात गंगाबायचं नाव घेणार, आणि तिचे शब्द तिच्याच भाषेत सांगणार. तुला ते सगळ्यांसमोर पहिल्यांदा कळू नये, एवढ्यासाठी हे पत्र. वाच, आणि मग हसायचं असेल तर हस.

अजून तरी तुझीच,
प्रमिला