मिंडाच्या नावाची हाक

हे मृत्युपत्र लिहून ठेवणार मी, बाइना रिव्हर्स, राहणार हॅरो बेट, दक्षिण कॅरोलिना. वय नक्की सांगता येत नाही, कारण माझा जन्म मालकाच्या गुरांच्या यादीत लिहिला होता आणि ती यादी उत्तर-दक्षिणेच्या लढाईत जळाली. डोकं ठिकाणावर आहे. माझा मुलगा टायटस याचं मत थोडं वेगळं आहे, पण त्याला विचारलंय कोण? मला लिहिता येत नाही म्हणून शाळेच्या एस्टरबाई लिहीत आहेत. मी सांगेन तसंच लिहायचं, सुधारायचं नाही, असं मी त्यांना बजावलं आहे.

पहिली गोष्ट जमिनीची. मालक पळाला, त्याचा कर थकला, सरकारने त्याचं शेत लिलावात काढलं आणि सैनिकांचे कपडे धुऊन हात सोललेल्या बाईने त्यातला खाडीकडचा तुकडा घेतला. ती बाई मी. ज्या मातीत मला चाबूक बसला तिच्यातच मी रताळी लावली, आणि रताळी गोड निघाली. नंतर पुन्हा गोऱ्यांचं राज्य आलं, आमच्या माणसांचा मत द्यायचा हक्क गेला, मोठ्या वादळात घराचं छप्पर गेलं. जमीन मात्र कुणाला नेता आली नाही. तिच्यातला रस्त्याकडचा अर्धा भाग टायटसचा. खाडीकडचा अर्धा, अंजिराच्या झाडासकट, माझी मुलगी मिंडा हिचा.

यावर टायटस म्हणतो की मिंडा नाही, तर वाटा कुणाला? उत्तरेकडचे शिकारी बदकं मारायला येतात, त्यांना तोच किनारा हवाय आणि टायटसला तो विकून सव्हाना शहरात जायचंय. तो वाईट नाही, थकलाय. पण मिंडा नाही असं त्याने म्हणायचं नाही. मिंडा या घरात आहे.

कशी ते सांगते. आमच्यात लेकराला घेऊन कुठूनही उठताना त्याला नावाने हाक मारतात, ये, मागे राहू नकोस. नाही मारली तर अंग पुढे जातं आणि जीव तिथेच खेळत राहतो. ज्या दिवशी समुद्रावर उत्तरेच्या गलबतांच्या तोफा सुरू झाल्या, त्या दिवशी आभाळात ढग नव्हता आणि तरी सगळं गडगडत होतं. भांड्यातलं पाणी आपोआप थरथरत होतं. मालक होडी काढून सगळ्यांना चला चला म्हणत होता. त्याच्याबरोबर गेलो तर गुलामीतच जाणार, हे आम्हाला न सांगता कळलं. तान्ह्या टायटसच्या तोंडावर हात ठेवून मी खाजणातल्या उंच गवतात बसले. मिंडा तेव्हा वाड्यावर मालकिणीचं बाळ झुलवायला होती. तिथूनच तिला उचलून होडीत बसवली. गवतातून मला तिचा पिवळा फडका दिसला, दूर दूर जाताना. हाक मारली असती तर टायटसही गेला असता. म्हणून तिला कुणीच हाक मारली नाही.

लढाई संपल्यावर मी मुख्य भूमीवर पायी हिंडले. प्रत्येक चर्चमध्ये तिचं नाव सगळ्यांपुढे मोठ्याने वाचायला लावलं. कुणाला माहीत नव्हतं. परत आले तर ती घरातच होती. तेव्हापासून भरतीच्या वेळी ओसरीवर छोटी ओली पावलं उमटतात. खुर्ची वाऱ्याशिवाय हलते. मी रोज तिचं ताट वाढते, छोट्या वाटीत भात, लाल चवळी, कधी कालवं. सकाळी ताट रिकामं असतं. टायटस म्हणतो, मांजर. असेल मांजर. मी विचारत बसत नाही. ती सहा वर्षांची आहे, तशीच, आणि मी म्हातारी होत गेले.

तर घर टायटसचं, पण मिंडाचं ताट रोज वाढलं पाहिजे या अटीवर. कपड्यांच्या इस्त्र्या आणि निळीची कढई सुनेला. माझ्या भाताला तिने एकदा चिकट म्हटलं होतं, ते मी विसरलेली नाही, तरी देते.

आता पॉम्पी. त्या होडीचं वल्हं त्याच्या हातात होतं. पुढे तो मालकाच्या तावडीतून पळाला, उत्तरेच्या सैन्याचा निळा कोट घालून आमच्या बाजूने लढला, कपाळावर व्रण घेऊन परतला आणि माझ्या कुंपणाला लागून राहिला. माझ्या लेकीला वल्हवत नेणाऱ्याशी मी आजवर बोललेली नाही. त्याला काहीही द्यायचं नाही. एस्टरबाई म्हणाल्या, मावशी, जो साक्षीदार होतो त्याला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. वा, म्हटलं, मग पॉम्पीलाच बोलवा. म्हणून तो इथे बसला आहे, टोपी गुडघ्यावर ठेवून.

एवढं लिहून झाल्यावर एस्टरबाईंनी सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. वाचून संपल्यावर पॉम्पीने गुडघ्यावरची टोपी खाली ठेवली. मग म्हणाला, "बाइना, पोरीला मी हाक मारली होती."

मी त्याच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"वल्हं पाण्यात घातलं तेव्हा. तू गवतात होतीस, मला दिसलीस. तुला हाक मारता येणार नाही हेही कळलं. मग मीच म्हटलं, ये मिंडा, मागे राहू नकोस. मालकाला वाटलं, मी किनाऱ्यावर कुणाला खुणावतोय. त्याने हे दिलं." आणि त्याने कपाळावर बोट ठेवलं. तो व्रण मी लढाईतला समजत होते.

"मग मेल्या, सांगितलं का नाहीस?"

"परत आलो तेव्हा तू तिला ताट वाढत होतीस. म्हटलं, बाईजवळ तेवढंच आहे. ते कसं काढून घेऊ?"

मला रडू आलं. टायटसही रडला. एस्टरबाई लिहायच्या थांबल्या होत्या, त्यांना मी म्हटलं, लिहा. तो खरं बोलला की मरणाऱ्या बाईला बरं वाटावं म्हणून बोलला, मला ठाऊक नाही. पण मी ते खरं धरते. म्हणजे माझी पोर इथे अर्धी राहिली नाही. ती अख्खी गेली. ती मोठी झाली, तिचे दात पडले, नवे आले, तिने कुणाला तरी ताट वाढलं असेल. आता तिचेही केस पिकले असतील. अगं बाई, माझी मिंडा म्हातारी व्हायला आली आणि मी तिला चिमुकल्या वाटीत भात देत होते.

तेव्हा पुढीलप्रमाणे बदल करते. खाडीकडचा तुकडा मिंडाचा आणि तिच्या मुलाबाळांचाच. ते येईपर्यंत टायटसने पिकवावा, विकू नये. त्याने आत्ताच सगळ्यांसमोर हो म्हटलं आहे, आणि हो म्हणताना माझ्याकडे बघून म्हटलं आहे. छोटी वाटी माझ्या थडग्यावर ठेवावी. मिंडाच्या जागेवर रोज संध्याकाळी मोठं ताट वाढावं आणि पॉम्पीने तिथे बसून जेवावं, तो जिवंत आहे तोवर. भात चिकट झाला तरी कुरकुर करायची नाही. माझी पेटी घरातून निघेल तेव्हा हाक पॉम्पीनेच मारावी, ये बाइना, मागे राहू नकोस. नाहीतर मी इथेच वाट बघत बसेन, मला सवय आहे.

हे मी कुणाच्याही दडपणाखाली न येता, आपल्या ओसरीवर बसून, खाडीला भरती असताना सांगितलं आणि खूण केली.

बाइना रिव्हर्स, तिची खूण X
हॅरो बेट, नोव्हेंबर १९०३

साक्षीदार:
एस्टर ग्रँट, शिक्षिका
जोनस मिचेल, धर्मोपदेशक
पॉम्पी वॉशिंग्टन (हे नाव खोडले आहे, कारण त्यास आता या मृत्युपत्रात वाटा आहे.)
अ‍ॅबी सिंगलटन, शेजारीण, पॉम्पीच्या जागी