पाटावरच्याला नाही म्हणत नाहीत

लिंबायत, सुरत
रविवार, २५ मे १९९७

चि. सुकलाल व सौ. पार्वती यांस,

सरलाचे अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं इकडे ठीक आहोत. तिकडे सगळं ठीक असेल असं धरून चालते, कारण तुझ्या पत्रात खुशाली विचारायला तू जागाच ठेवली नव्हतीस.

पत्र गुरुवारी मिळालं. मी तुझी मोठी बहीण आहे हे विसरून लिहिलंस, तरी अक्षर सुधारलंय हे शाळामास्तरीण म्हणून कबूल करते. तुझा योगराज इकडे आत्याकडे मजेत आहे. पहाटे पळायला जातो, आला की पोळ्यांची चळत संपवतो आणि दुपारी पंख्याखाली पडतो ते चहा उकळल्याशिवाय उठत नाही. पार्वतीच्या कुरडया छान फुलल्या. शाळेला सुट्टी असल्यामुळे मी घरीच असते. तुझे दाजी उधन्याच्या लूमखात्यात, मागांवर, रात्रपाळीला जातात. ऊन फार आहे. गच्चीवर पापड टाकले की तासाभरात कडक होतात.

आता तू विचारलंस त्याबद्दल.

पोराला लष्कराच्या भरतीला जायची परवानगी मी दिली का? दिली. तुला न विचारता दिली का? हो. पण कशी दिली ते योगराजने तुला अर्धंच लिहिलेलं दिसतं.

माझा भटू गेल्यावर दोन वर्षं अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, मी त्याची घागर भरली नाही, हे तुला माहीत आहे. त्याच्या पलटणीच्या वरच्या चौकीवर बर्फाचा कडा कोसळला, शोध घेतला, सापडला नाही, एवढंच आम्हाला कळलं. देह आला नाही, मग पितरांत कसा बसवायचा? घागर भरली की तो गेला. तोवर तो रजेवर यायचा राहिलाय असं मला म्हणता येत होतं. यंदा मात्र दाजींनी आपणहून बाजारातून घागर आणली, चुलीशेजारी ठेवली आणि आंघोळीला गेले. मी ती धुतली, पाणी भरलं, वर खरबूज ठेवलं, सांजोऱ्या ठेवल्या. उंबरठ्यावर कुंकवाची बोटं ओढताना मामंजींचं नाव घेतलं, सासूबाईंचं घेतलं, आणि मग भटूचं घेतलं. रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही.

मग प्रश्न आला, पितर म्हणून पाटावर जेवायला कोण बसणार? त्याच्या वयाचा, बिनलग्नाचा मुलगा हवा. सुरतेत आखाजीला खाती बंद राहत नाहीत, सगळी पोरं पाळीवर. शेजारच्या मंदाबाईकडे विचारायला गेले, तर म्हणाली गजेंद्रला ताप आहे. गजेंद्र तिच्यामागे दारात धडधाकट उभा होता. मी तिला बोल लावत नाही. तरण्या पोराच्या पितराच्या जागी आपलं पोर कुठली आई बसवेल? मग दाजी म्हणाले, आपला योगराज आहे की घरात. तुम्हाला दोघांना विचारायला हवं होतं. पण पानं वाढली होती, पितरांना घास टाकायचा आगारीचा विस्तव फुलला होता आणि पोरगा तर हात धुऊन तयार होता.

आपल्या आईचा नियम तुला आठवतोच. पाटावर पितर बसलं की ते मागेल ते द्यायचं, नाही म्हणायचं नाही. आजोबांच्या जागी बसलेल्या म्हाताऱ्याने जेवण सोडून तंबाखू मागितली तेव्हा आई पदर खोचून गल्लीभर फिरली होती. ही गोष्ट योगराजला तूच हसून हसून सांगितली आहेस. त्याने ती बरोबर लक्षात ठेवली.

मी आमरस वाढायला वाकले, तर त्याने रस मागितला नाही. मान खाली घालून म्हणाला, "फुई, मी भरतीले जाऊ का?"

दाजींचा हात थांबला. मी "जाय" म्हटलं आणि रस वाढला. नंतर "पोट भरनं का?" असं रीतीप्रमाणे विचारलं, तो भरलं म्हणाला, मग आम्ही जेवलो.

त्या वेळी मनात काय होतं असं तू विचारशील. काही नव्हतं. हल्ली नसतंच. भाजी खारट झाली तर दाजी सांगतात तेव्हा कळते. शाळेत पोरं पाढे चुकतात, मी पुढे जाते. भटूची बातमी आली त्या दिवसापासून कुणीतरी कानात कापूस घातल्यासारखं आहे.

तू लिहितोस, शब्द दिलास तसा परत घे. भटू कसा गेला ते सांग, म्हणजे पोरगा घाबरेल. आणि खाली पार्वतीने स्वतःच्या हाताने लिहिलंय, "तुमचं गेलं, आता माझ्या पोराला हात लावू नका." पार्वती, मला राग आला नाही. तुझ्या जागी मीही तेच लिहिलं असतं, कदाचित जास्त कडू लिहिलं असतं.

आणि सुकलाल, तू विचारतोस, लष्करात ठेवलंय काय? भटूला काय मिळालं? उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. पण विचारलंस तर सांगते. पहिल्या रजेवर आला तेव्हा दारातून आत येताना त्याला वाकावं लागलं की काय असं वाटलं, इतका तो भरला होता. इथे असताना ज्याला सकाळी हाक मारून मारून माझा घसा सुकायचा, तोच रजेवर पहाटे उठून माझ्यासाठी पाणी भरून ठेवायचा. कोपऱ्यावरचा दुकानदार त्याला खुर्ची द्यायचा. दाजी जन्मभर खात्यात राबले, त्यांना कुणी खुर्ची दिलेली मी पाहिली नाही. भटू खूश होता. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, तसलं कौतुक मी करत नाही. तो आळशी होता, खोटंही बोलायचा, पण तिथे खूश होता.

आणि लष्कर नको तर काय? मंदाबाईचा गजेंद्र भटूच्याच वर्गातला. लूमच्या खडखडाटात त्याचे कान गेले. आई दारातून हाक मारते ती त्याला ऐकू येत नाही, खांद्याला हात लावावा लागतो. पण खांदा आहे, हात लावता येतो. हे मी मनाशी दोन्ही बाजूंनी उलटून पाहिलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

तुझं पत्र आल्यावर दोन दिवस मी नुसती कामं केली. काल संध्याकाळी दाजी पाळीला निघाल्यावर योगराजला समोर बसवलं आणि सांगितलं. तुम्हालाही न सांगितलेलं सांगितलं. भटूची ट्रंक आली तेव्हा तिच्यात धुवायचे राहिलेले कपडे होते, आणि ते मी अजून धुतलेले नाहीत. त्याच्या पलटणीचे साहेब घरी आले, खूप सभ्यपणे बोलले, चहा घेतला, आणि मी त्यांना एकच विचारलं, की थंडी फार होती का. त्यांनी कप खाली ठेवला. पाळी नसते त्या रात्री दाजी अजून मधूनच उठून दाराची कडी काढून बाहेर बघतात, आणि मी झोपल्याचं सोंग करते. सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही. बाराखडी शिकवावी तसं सांगितलं.

योगराजने हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाला, "मंग मी नही जास, फुई."

हे मी पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं. तुमचा जीव टांगणीला लागला असेल. तर आता वाचा : योगराज भरतीला जाणार नाही. येत्या शनिवारी उधन्याहून भुसावळ पॅसेंजरने येतो आहे, अमळनेरला उतरवून घे. तुम्ही सांगितलं ते काम झालं.

पण मला बरं वाटलं नाही रे. पोरगं वाचलं म्हणून छातीवरचं ओझं उतरेल असं वाटलं होतं. त्याऐवजी राग आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा काही वाटलं आणि ते हे, की उठून त्याच्या कानाखाली वाजवावी. एक गोष्ट ऐकून हा नको म्हणाला. शहाणा झाला. मग माझा भटू कोण होता, वेडा? योगराजसाठी जे करण्यात अर्थ नाही, ते भटूने कशासाठी केलं? मी हात उचलला नाही. त्याच्या ताटात आणखी एक पोळी वाढली. त्याने खाल्ली. तो लहान आहे, त्याची काही चूक नाही.

तुझा मुलगा तुला परत पाठवते. पुढे त्याला काय करायचं ते तुम्ही तिघं ठरवा, मला विचारू नका. मी एकदा जा म्हणाले, एकदा अडवला, दोन्ही करून झालं.

एक मात्र कर. गावात कुणी विचारलं तर म्हण, फुईने अडवलं, म्हातारीचं मन ठिकाणावर नाही. खुशाल म्हण. पण लष्करात जाण्यात काही अर्थ नाही, असं म्हणू नकोस. तुला तसं वाटत असेल तरी म्हणू नकोस. तेवढं एक वाक्य ऐकून मला पुढे जगता येणार नाही.

तुझी ताई, आणि भटूची आई,
सरला