एकट्याने झिर्कोनिया भाजण्याची योजना

३ जून
ही जाऊन एकवीस दिवस झाले. आता पुरे. आजपासून लॅब. लेकीला फोन करून मी ठणठणीत आहे असं कळवलं. मी विचारलंच नव्हतं बाबा, म्हणाली.

४ जून
साहेबांसाठी नोट लिहिली. झिर्कोनिया या सिरॅमिकची पट्टी भट्टीत साडेआठशे डिग्रीला न्यायची, प्लॅटिनमच्या तारांनी वीज सोडायची. पट्टी लखकन उजळते आणि तासन्‌तासांचं भाजणं काही सेकंदांत उरकतं. फक्त वीज वेळेवर तोडावी लागते, नाहीतर वितळते. अकरा वर्षं मी भट्टीच्या काचेशी, ही सप्लायच्या बटणाशी. आता ही नाही, तर काम बंद करू, असं साहेबांचं मत. वीस तारखेला एक अखंड पट्टी काढून दाखवली तर चालू ठेवतील. शेवटी ठासून लिहिलं: या कामाला एक माणूस पुरेसा आहे.

७ जून
पट्टी तडकली. पावडर दमट असावी.

९ जून
पट्टीला मध्येच भोक. काचेपासून बटणापर्यंत सहा पावलं आहेत. मी चार धरून चाललो होतो.

१० जून
दोष सापडला. हिची खुर्ची वाटेत येते. लॅबमधल्या ज्युनिअर बाईंनी विचारलं, सर, हलवू का? मी खेकसलो. मग मी बसू का, म्हणाल्या. त्याहून जोरात खेकसलो. नंतर स्वतः चहा नेऊन दिला. त्यांनी तो गार होऊ दिला.

१२ जून
निश्चय: रोज सकाळी कॉरिडॉरमध्ये धावायचं. वॉचमनने विचारलं, काका, डॉक्टरांनी सांगितलंय का? हो म्हटलं.

१५ जून
धावणं बंद. गुडघा. आता काचेशी उभं राहून लांब काठीने बटण दाबायचं. युक्ती नामी आहे. पहिल्या खेपेस मेन स्विच दाबला गेला. मजल्यावरची वीज गेली. सगळे दारात येऊन बरंच बोलले.

१६ जून
थोरल्या बहिणीचा फोन. एकदा तरी रडलास का रे, म्हणाली. वेळ कुठे आहे, म्हटलं.

१९ जून
काठीने सलग दोन पट्ट्या अखंड! उद्याची चिंता मिटली. साहेबांना काय बोलायचं तेही पाठ केलं.

२० जून, दुपारी चार
साहेब आले, सोबत दोन पाहुणे. ज्युनिअर बाई मागे उभ्या. पट्टी उजळली. इतकी सुरेख उजळली की काठी हातात घ्यायचीच राहिली. काचेवरची नजर न काढता मी म्हणालो, हं, तोड गं.

कोणी तोडली नाही. मी पुन्हा म्हणालो, अगं तोड ना.

पट्टी वितळून तारांना लोंबली. पाहुणे छताकडे बघत होते. साहेबांनी नोट काढली. एक माणूस पुरेसा, असं लिहिलंय तुम्ही. टायपिंगची चूक आहे, म्हणालो. दुसरा माणूस मिळवा, मग पुढच्या महिन्यात बघू, एवढंच म्हणाले आणि गेले.

ज्युनिअर बाई म्हणाल्या, सर, उद्यापासून मी बसते. फक्त मला ‘तोडा’ म्हणा.

बरं, म्हणालो. हिची खुर्ची पुसून बटणाशी ठेवली.