रिकामी न होणारी यादी

सिहोरा, ता. तुमसर

प्रिय उर्वशी,

अनेक उत्तम आशीर्वाद. पंचवीस वर्षे शाळेत संस्कृत शिकवून एकाही विद्यार्थ्याला संस्कृत बोलते न करण्याचा विक्रम ज्याच्या नावावर आहे, तो तुझा पिता आज स्वहस्ते, शाईने, कागदावर हे निवेदन सादर करीत आहे. फोन असताना पत्र कशाला, हा तुझा प्रश्न मला येथूनच ऐकू येतो. कारण यथावकाश येईल. दीर्घ समास शेवटच्या पदापर्यंत गेल्याशिवाय उलगडत नाही, हे सांगून सांगून तुझे बालपण मी पुरेसे नासवले आहे.

प्रथम कृतज्ञता. अर्धांगाच्या झटक्याने आईची वाचा गेली, तेव्हा नागपूरच्या वाचोपचार करणाऱ्या बाईंनी चित्रांची कार्डे दिली होती: चित्र दाखवावे, नाव वदवून घ्यावे. सफरचंद, रेल्वे, पियानो. तुझी आई त्या पियानोकडे, आगाऊ न कळवता जेवायला आलेल्या पाहुण्याकडे पाहावे तशी पाहायची. एके दिवशी कोथिंबिरीच्या चित्रावर मात्र ती स्वच्छ, आपल्याकडे म्हणतात तसे, ‘सांबार’ म्हणाली, आणि कार्डामागे निराळा शब्द छापलेला आहे म्हणून मी, विद्वद्वर्याने, चुकीची खूण केली. शेजारच्या शेवंताबाई तिथेच बसल्या होत्या. “गुर्जी, तुमी तिले बोलतं करून राहिले का नापास करून राहिले?” त्यांनी विचारले. मी फोनवर हा प्रसंग तुला हसत सांगितला. तू हसली नाहीस. त्याच आठवड्यात हैदराबादहून माझ्या संगणकासाठी ती इवलीशी फाइल पाठवलीस.

तीत यादी हाताळणारी चार फंक्शने होती. यादीचे पाच-पाच शब्दांचे तुकडे पाडणारे एक, पत्त्यांसारखी यादी पिसणारे दुसरे, दोनदा आलेला शब्द एकदाच ठेवणारे तिसरे, आणि एका यादीतून दुसरी वजा करून उरलेले हाती देणारे चौथे. मी त्यांचे विधिवत नामकरण केले: पंचकविभाजन, क्रमभंग, द्विरुक्तिनिरसन आणि शेषानयन. तुझ्या त्या पायथन नावाच्या संगणकभाषेने ही नावे विनातक्रार गिळली. शेवटी अजगरच तो. विभाजनाचे तत्त्व मला तत्काळ उमगले, कारण तू जन्मलीस त्याच वर्षी शासनाने आपल्या जिल्ह्याचे दोन तुकडे केले आणि गोंदियाकडचे आपले सगळे सोयरे बसल्या जागी परजिल्ह्यातले झाले. मग कार्डांऐवजी आपल्याकडच्या वस्तू यादीत घालाव्यात म्हणून मी छायाचित्रणास बाहेर पडलो. आपली भाताची बांधी, दिघोरीला तुझ्या आईच्या माहेरची पाण्याने भरलेली बोडी, सूप, उखळ, भाताच्या रोपांचे पऱ्हे, आणि शेवंताबाईंची शेळी, जिने मान्यवर छायाचित्रकाराकडे दोनदा पाठ फिरवली. पियानोची जागा शेळीने घेतली आणि तुझ्या आईच्या चेहऱ्यावर प्रथमच ओळख उमटली.

मध्यंतरी माझ्या हातून एक पराक्रम घडला, तो तुला पाठ आहेच. तरी इतिहासासाठी नोंदवतो. तुझे शेषानयन असताना मी स्वतःची बुद्धी वापरली. बरोबर आलेला शब्द चालत्या यादीतून तिथल्या तिथे पुसण्याची आज्ञा दिली. एक शब्द गेला की मागचे सगळे एक पाऊल पुढे सरकत, अजगर मात्र पुढच्या जागेकडे निघालेला असे. मधला शब्द विचारलाच जात नसे. आई ‘सूप’ म्हणाली की उखळ अंतर्धान पावे. मी आठवडाभर तिच्या वेगाचे कौतुक करीत होतो. “बाबा, ज्या यादीवरून चालून राहिले तिच्यातूनच काढून राहिले काहून? आधी नक्कल घ्या, मूळ यादीले हात नोका लावू,” असे तू फोनवर कडाडलीस. तुझ्या आजोबांनंतर या घरात मला असे कोणी बोलले नव्हते. फार बरे वाटले.

दुरुस्तीनंतर निसटलेले शब्दही येऊ लागले, हळूहळू, एकेकटे, प्रत्यय न लावता. सकाळच्या चहानंतर आम्ही बसत असू. बोडी आली, पऱ्हे आले. ‘शेळी’ आली त्या दिवशी शेवंताबाईंनी शेळीला गूळ चारला. तुझा फोटो पाहून ती ‘उर्वशी’ म्हणाली तेव्हा मी पाणी आणायला आत गेलो आणि पाणी न घेताच परतलो. यादी आटत गेली. शेवटी शेषानयन एकाच शब्दाची यादी परत करू लागले, आणि यादी रिकामी होईपर्यंत विचारत राहावे अशी आज्ञा असल्याने तोच एक फोटो पुन्हा पुन्हा पडद्यावर येऊ लागला. एखाददुसरा शब्द अडतो आहे, असे मी तुला मोघम सांगितले. कोणता, ते सांगितले नाही. तो फोटो माझा होता.

मी दाखवी, विचारी, ‘हा कोण?’ ती डाव्या हाताने पदर सावरून डोक्यावर घेई आणि दाराकडे पाहत बसे. वहीत मी ‘थकवा’ असे लिही. उर्वशी, शेळी आठवते, सूप आठवते, दिघोरीची बोडी आठवते आणि मी आठवत नाही, ही गोष्ट विनोदात बसवण्याचा मी बराच प्रयत्न केला. बसली नाही. त्यातच तुझा निरोप आला की सारखा अडणारा शब्द आपोआप वगळणारे पाचवे फंक्शन पाठवून देऊ का. मी ‘बघू’ म्हणालो. आपल्याच घराच्या यादीतून आपल्याला वगळणाऱ्या कार्याला संस्कृत नाव शोधण्याइतका उत्साह माझ्यात उरला नव्हता.

परवा सकाळी पुन्हा तोच फोटो आला, मी पुन्हा विचारले. तिने संगणकाचा पडदा डाव्या हाताने बाजूला लोटला, माझ्याकडे सरळ पाहिले, आणि एकेक शब्द विहिरीतून ओढावा तसा ओढत म्हणाली, “घडी घडी… काय पुसता जी? नवऱ्याचं नाव… कोनी घेते का?” शेवंताबाई टाळी देऊन हसल्या. “वैनी बोलल्या, अन् गुर्जीले हाणूनच बोलल्या!” दोन अखंड वाक्ये, उर्वशी! क्रियापदे जागेवर, विभक्ती शुद्ध, वर उपरोध. लग्नात बायांनी धरून बसवले म्हणून उखाण्यात एकदा तिने ते नाव घेतले होते, त्यानंतर कधीच नाही. ते मी यादी करताना साफ विसरलो, आणि ती, सगळे हरवलेले असताना, तेवढे विसरली नव्हती. तेव्हा ते पाचवे फंक्शन पाठवू नकोस. माझा शब्द राहू दे. यादी रिकामी होणार नाही, कार्यक्रम थांबणार नाही, न थांबो.

आता पत्राचे कारण. ही वार्ता मी फोनवर सांगितली नाही, कारण फोन तिला हवा आहे. तुला स्वतः फोन करायचा, असे तिने परवापासून धरले आहे. काय बोलायचे त्याचा सराव ती शेवंताबाईंजवळ करते आणि मला बाहेर काढते. हे पत्र तुला मिळेल त्या सुमारास फोन येईल. माझा नंबर दिसला तरी मी नसेन. ती दोन शब्दांच्या मध्ये फार वेळ थांबते. तुला वाटेल, लाइन तुटली. तुला पुढचा शब्द सुचलेलाही असेल. तो तू बोलू नकोस. नुसती धरून राहा, पोरी. ती येते आहे.

तुझाच,
बाबा